रुमालाखालचं इंग्रजी

सलीमचं ऐकलंत का? आमचा शेजारी, शेळ्यांच्या बाजारात वाढलेला. बिझनेस इंग्लिशची तोंडी परीक्षा पास झाला, की निर्यात कंपनीत नोकरी पक्की. आदल्या दिवशी सरावाला मी गिऱ्हाईक झालो. पठ्ठ्या फाडफाड इंग्रजी बोलत होता. मी भाव विचारला, तर त्यानं खांद्यावरचा रुमाल माझ्या हातावर टाकला आणि बाजारातल्यासारखी खालून बोटं दाबून भाव सांगितला.

"अरे, तोंडानं सांग की."

"आवं काका, भाव कुटं चारचौघांत बोलत्यात व्हय?"

खूप हसलो. बायको गेल्यापासून माझा हात कुणी धरला नव्हता.

"बरं, रुमाल असू दे हातावर. पण भाव तोंडानंही सांग, इंग्रजीत."

मग मीही अडून बसलो. सहा वेळा घासाघीस करायला लावली. पोरगा पास झाला.