पाठीवरची पट्टी

यान्निका : ...आणि शेजारच्या रौनोने सॉनाच्या गरम वाफेच्या खोलीचं दार उघडलं, तेव्हा तुम्ही कुठे होतात?

ऑस्मो : खालच्या बाकावर.

यान्निका : झोपला होतात?

ऑस्मो : तो म्हणतो, बेशुद्ध. त्याचं काय, कोंबडी शिंकली तरी डॉक्टर बोलावेल.

यान्निका : त्याने तुम्हाला बाहेर बर्फात ओढलं म्हणून आज माझ्याशी बोलताय, ऑस्मो. आता आठवड्यातून दोनदा मी येणार, दवाखान्याची नर्स म्हणून. कंबर किती दुखते?

ऑस्मो : चालतंय.

यान्निका : हाड मोडलं तरी इकडचे म्हातारे 'चालतंय' म्हणतात.

ऑस्मो : खरंच काही होत नाही, पोरी. मणके वीस वर्षं झिजतायत, ते तिथंच आहेत. पण हिल्क्का गेल्यापासून काहीच होत नाही. कॉफी गरम आहे की गार, तेसुद्धा कळत नाही.

यान्निका : तीन आठवडे होत आले ना?

ऑस्मो : परवा गुरुवारी होतील. लोकर गुंडाळत बसली होती, हृदय थांबलं. बेचाळीस वर्षं बायको होती माझी. येत्या शनिवारी दफन, आमच्याकडे एवढे दिवस लागतातच.

यान्निका : दुखण्यावरच्या औषधाची पट्टी कोण लावायचं?

ऑस्मो : तीच. दर शनिवारी दुपारी जुनी काढायची, मग सॉना, मग अंग निवलं की नवी. मी खाजवू नये म्हणून पाठीवर, खांद्याखाली.

यान्निका : आणि आता?

ऑस्मो : आता छातीवर लावतो. तिथं हात पोचतो.

यान्निका : सदरा वर करा बघू. वळा... ऑस्मो, पाठीवरची अजून आहे.

ऑस्मो : आहे.

यान्निका : वरून चिकटपट्टी मारलीय.

ऑस्मो : कडा सुटायला लागली होती. रौनोकडून मारून घेतली. डॉक्टरांनी सांगितलंय म्हटलं.

यान्निका : म्हणजे विसरला नव्हतात.

ऑस्मो : नाही.

यान्निका : अहो, जुन्या पट्टीतही औषध उरतं. छातीवरचीही न काढता सॉनात गेलात, उष्णतेने दोन्हींतलं एकदम अंगात उतरलं, श्वास मंदावला. पुढच्या वेळी रौनो येईलच असं नाही. मला खरं सांगा, मुद्दाम केलंत?

ऑस्मो : मरायला? छे. शनिवार होता, सॉना तापवला. शनिवारी दुसरं काय करतात?

यान्निका : मग ही मी काढते.

ऑस्मो : दफनानंतर काढ.

यान्निका : नाही.

ऑस्मो : चारच दिवस राहिलेत.

यान्निका : दफनाआधी, शुक्रवारी, सॉना तापवणार ना?

ऑस्मो : तापवणारच. न्हाल्याशिवाय तिला पोचवायला कसा जाऊ?

यान्निका : मग ही अंगावर ठेवून जाता येणार नाही. छातीवरच्या पट्टीचं डॉक्टरांशी बोलते. एकदम बंद करायची नाही, पण शुक्रवारी काय करायचं ते विचारते. ते हो म्हणाले तरच आत जायचं, आणि रौनो तुमच्याबरोबर बसेल. ही मात्र आजच.

ऑस्मो : तिनं दाबून बसवलीय. तळहाताने. अर्धा मिनिट धरून ठेवायची, मोठ्याने मोजत. आमच्याकडे उगाच कोणी कोणाला हात लावत नाही. तो शेवटचा. दफनाला मला रडू येणार नाही. तिची बहीण बघत बसेल माझ्याकडे. हे पट्टीमुळे का?

यान्निका : थोडं असेल. सगळं नाही.

ऑस्मो : मला वाटलं, सगळं म्हणशील.

यान्निका : ते खोटं झालं असतं.

ऑस्मो : हं.

(चुलीत लाकूड तडकतं.)

ऑस्मो : सावकाश काढतात की एकदम?

यान्निका : तुम्ही म्हणाल तशी. हिल्क्का कशी काढायची?

ऑस्मो : एकदम. म्हणायची, चुलीवर बटाटे आहेत, तुझं कण्हणं ऐकायला वेळ नाही.

यान्निका : आत्ताच हात धुतलेत, गार आहेत.

ऑस्मो : तिचेही असायचे. ओढ.