चॅनेलवरून माझा रडण्याचा व्हिडिओ काढल्याबाबत

मी, बाजारात शिवणमावशी म्हणून ओळखली जाणारी, वय ५६ वर्षे, धंदा कपडे दुरुस्ती, राहणार दुकानाच्या मागच्या खोलीत, आज सकाळी साडेदहा वाजता पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील ठिकाणी मी माझ्या मुलासोबत राहते. माझे पती दुकानात काज-बटणाचे काम बघत. दोन महिन्यांपूर्वी ते वारले.

मुलगा तीन वर्षांपासून माझ्या कामाचे व्हिडिओ काढून चॅनेलवर टाकतो. सुरुवातीला तो माझा आवाज बंद करून वर गाणी लावायचा. मी फार बोलते असे त्याचे म्हणणे. ते खरे आहे. तेव्हा बघणारे म्हणजे आम्ही तिघे आणि माझी बहीण.

दीड वर्षापूर्वी व्हिडिओवाल्यांचे काम सांभाळणाऱ्या एका एजन्सीने आम्हाला घेतले. तिथली मॅनेजर आमचे काम बघते. मी तिला पोरी म्हणते, तेव्हा इथेही पोरगी असेच लिहावे. एकदा गिऱ्हाइकाची पँट आखूड करताना बोलण्याच्या नादात मी एकच पाय दोनदा कापला. मुलगा तो व्हिडिओ पुसायला निघाला. पोरीने अडवले. गाणे काढा, मावशीचे बोलणे आणि चूक दोन्ही राहू द्या, असे तिने सांगितले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले, पण लोकांनी तो व्हिडिओ डोक्यावर घेतला. गिऱ्हाइकाला मी नवी पँट शिवून दिली, त्याची तक्रार नाही.

पुढे कोणती जाहिरात घ्यायची, कोणती नाही, हे पोरगीच ठरवू लागली. आठवड्याला दोनच व्हिडिओ आणि एक दिवस मशीन झाकून ठेवायचे, हा नियमही तिचाच. उभ्या जन्मात मला सुट्टी देणारी ती पहिलीच.

गेल्या मंगळवारी सकाळी मी पतीचा शर्ट मुलाच्या मापाचा करत होते. खांद्याची शिवण उसवताना मला रडू आले. मुलगा समोर मोबाइल धरून होता, हे मला नंतर कळले. किती वेळ रडले ते सांगता येणार नाही. मुलगा म्हणतो, चार मिनिटे.

अकरा वाजता त्याने तो व्हिडिओ चॅनेलवर टाकला. दुपारपर्यंत तो पँटीच्या व्हिडिओच्याही पुढे गेला. दोनच्या सुमारास पोरीचा फोन आला. ती म्हणाली, "मावशी, हा तुमच्या मर्जीने टाकलाय का?" मी नाही म्हणाले. "काढू का?" मी म्हणाले, "काढ बाई." तिने लगेच काढला. तिचे साहेब तिच्यावर भडकले असे नंतर कळले. तिने मला त्यातले काही सांगितले नाही. एवढे बघणारे घालवून माझी लाज राखली, हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

एजन्सीने पासवर्ड बदलून चॅनेल बळकावले, अशी तक्रार मुलाने दिली आहे. त्याबाबत सांगते की मुलाने तो व्हिडिओ पुन्हा टाकू नये म्हणून पासवर्ड बदल, असे मीच पोरीला सांगितले. नवा पासवर्ड तिने त्याच वेळी फोनवर मला दिला. तो मला पाठ आहे. तक्रार द्यायला येण्यापूर्वी मुलाने मला एका शब्दाने विचारले नाही.

मुलगा वाईट नाही. वडील गेल्यापासून तो माझ्याशी कामापुरताच बोलतो, आणि तेही मोबाइल समोर धरून. पोरीवर कसलीही कारवाई होऊ नये. तिची नोकरी गेली तर तो दोष माझ्यावर येईल.

हा जबाब हवालदारबाईंनी मला सावकाश वाचून दाखवला. मी बोलले तसाच उतरला आहे, बरोबर आहे. मुलगा बाहेर बाकावर बसला आहे. त्यालाही एकदा वाचून दाखवावा, ही विनंती.