ज्याचं त्यानं सोडवायचं!

चहाचा घोट आधी गिळा, मग ऐका. नाहीतर नाकातून बाहेर येईल!

डोंगरात, हिर्डोशी गावाच्या वर एका वाडीतल्या शाळेवर माझी मास्तरकी. सगळी मिळून पोरं अकरा, त्यात चौथीला पोरी दोन, आरोही आणि साक्षी. गेल्या वर्षी चाचणीत आम्ही शेवटून पहिले आलो, म्हणून यंदा पेपरला तालुक्याहून खास एक साहेब येऊन बसलेले. आरोहीनं गणिताचा पेपर झटक्यात संपवला, उठली, आणि साक्षीशेजारी बसून चक्क तिचा पेपर सोडवायला लागली.

साहेब ओरडले, "अगं, काय चाललंय?"

"माजं झालं सर. हिचं लई राहिलंय."

"ज्याचं त्यानं सोडवायचं असतं!"

आरोही चक्रावलीच. "असं कसं सर? भात लावताना आपलं खाचर झालं की आमी शेजारच्याच्या खाचरात उतरतो. बांधावर बसून बघत न्हाई कोण!"

मी तोंडात रुमाल कोंबला. साहेबांनी तिला जागेवर बसवलं, आणि पेपर सुटल्यावर स्वावलंबनावर दणदणीत भाषण ठोकलं.

मग ते तक्ते भरायला बसले. अकरा पोरांची तीच माहिती चार-चार कागदांवर. चारची एसटी चुकली की मुक्काम वाडीतच. पावणेचार वाजले, तरी निम्मे कागद कोरे. आरोही दप्तर अडकवून टेबलापाशी आली.

"सर, तुमचं लई राहिलंय व्हय?"

साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि गुपचूप एक तक्ता तिच्याकडं सरकवला.

"अक्षर तेवढं नीट काढ हां!"