मामाच नवरदेव

— अहो, असं तोंड करू नका, प्रेमाबाई. मला कळतं. तुम्हा पुण्याकडच्या माणसांना मामा-भाचीचं लग्न म्हटलं की पहिल्यांदा घास अडकल्यासारखंच होतं. तुमच्याकडे मामाची मुलगी चालते, मामा चालत नाही. आमच्याकडे दोन्ही चालतं. चालतं काय — मान असतो त्याला! घरची मुलगी घरात राहिली म्हणतात. आमची माणसं शहाजीराजांच्या मागून इकडं कानडी मुलखात आली, तीनशे वर्षं इथलं पाणी पितोय, मग इथल्या रीती लागणार नाहीत का? माझी आजी म्हणजे माझ्या आजोबांची सख्खी भाची. काय वाईट झालं तिचं? सात मुलं झाली, म्हातारी होऊन गेली, आणि शेवटच्या दिवसापर्यंत नवऱ्याशी भांडत होती. आणखी काय असतं संसारात? बसा हो, कॉफी निवेल. माझ्या अहल्येला मीच बाहेर पाठवलंय, गांधी बाजारात — फुलं आण, विड्याची पानं आण, स्वल्प सावकाशच ये म्हणाले. तुम्हाला ज्यासाठी बोलावलं ते तिच्यासमोर बोलण्यासारखं नव्हतं.

तर सांगत काय होते — हां, अर्ज. नामंजूर. हयवदन, माझा धाकटा भाऊ, म्हणजे जावई — बघा, माझीसुद्धा जीभ अडते, भाऊ म्हणू की जावई म्हणू — तो गेला विलायतेला, कॉव्हेंट्रीला, यंत्रांच्या कारखान्यात. लग्न लागलं आणि महिन्याभरात बोट. अहल्येला मागनं बोलावून घ्यायची असं ठरलेलं. पूर्वी म्हणे कुणीही उठावं आणि बोटीत बसावं. आता त्यांनी कायदा केलाय, इथूनच त्यांचा शिक्का घेऊन निघावं लागतं. बायकोला अडवत नाहीत, तिचा हक्कच आहे — पण ती बायको आहे हे त्यांना पटायला हवं. आणि पटलं नाही! मद्रासच्या कचेरीतल्या त्या गोऱ्या साहेबाला पटलं नाही. म्हणतो काय, ही त्याची भाची आहे, बायको नव्हे. भाचीला विलायतेत घुसवायला हे लग्नाचं सोंग केलंय. सोंग! चार पंगती उठल्या होत्या हो, चामराजपेटेतला अख्खा छत्र — तुम्ही कार्यालय म्हणता ते — घेतला होता, आमच्या ह्यांनी पेन्शनीतनं काढून खर्च केला, त्याला हा सोंग म्हणतो. मी म्हटलं, ह्या माणसाला स्वतःच्या आईबापांच्या लग्नाचा तरी पुरावा देता येईल का?

आता आमचंही चुकलं म्हणा. चुकलं म्हणजे — भाबडेपणा. वयाचा पुरावा मागितला, आम्ही शाळेचा दाखला दिला. आमचे हे तेव्हा बदलीवर शिमोग्याला होते, पोरीला शाळेत घालायला हयवदनच गेला होता — कॉलेजात होता तो, लांब लांब ढांगा टाकत, हिला खांद्यावर बसवून. दाखल्यावर पालक म्हणून त्याचंच नाव, आणि पुढे नातं — मामा. आम्ही तर खूश! म्हटलं बघा, किती जुना संबंध आहे, किती जवळचा. हे पाहिल्यावर तरी साहेब गप्प बसेल. आणि साहेबानं नेमकं त्यावरच बोट ठेवलं. मग फोटो काढला लग्नातला. आमच्यात — तुमच्यातही असंच ना? — मुलीला मांडवात मामा घेऊन येतो. इथं मामाच नवरदेव, अंतरपाटापलीकडं उभा! मग आणणार कोण? माझ्या एका लांबच्या मावसभावाला आयत्या वेळी उभा केला, शिवाप्पा म्हणून, त्याचा अंगरखासुद्धा उसना. एवढं तेवढं अहल्येकडनं कळलं — साहेब विचारतो, हा कोण मुलीच्या मागे? अहल्येनं सांगितलं, मामाच्या जागी उभा राहिलेला माणूस. म्हणजे खरा मामा कुठं आहे? तर तो काय, समोर, मुंडावळ्या बांधून. हसू नका, प्रेमाबाई. हसण्यासारखंच आहे म्हणा. मीही एकदा हसले होते, मांडवात. सगळ्या बायका हसल्या होत्या.

मला आत सोडलं नाही. नुसती अहल्या, तो साहेब आणि एक तमिळ दुभाष्या. मी बाहेर बाकावर. किती वेळ लावला! बाकी आत काय विचारलं, काय नाही — ती काही नीट सांगत नाही. विचारलं की म्हणते, जे विचारलं त्याला खरं ते सांगितलं. खरंच सांगायचं की, आपल्याला लपवायचंय काय? बाहेर आली ती अगदी शांत. मी रडायच्या बेतात, आणि ही म्हणते, आई, भूक लागली. समोरच्या हॉटेलात बसून इडल्या खाल्ल्या तिनं, वर पुन्हा सांबार मागून घेतलं. मला वाटलं, काम झालं. पोरीच्या तोंडावर असं ऊन मी लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

सरी, असू दे. आता मुद्द्याचं. वकील म्हणतात, फेरविचाराला अर्ज करता येतो. पण घरच्या माणसांच्या शब्दाला किंमत नाही. बाहेरच्या, शिकलेल्या, प्रतिष्ठित माणसांनी लिहून द्यायला हवं — आम्ही ह्या दोघांना पतिपत्नी म्हणून एकत्र राहताना पाहिलंय. तुमचे मधुकरराव एवढे मोठे सायंटिस्ट, सरकारी संशोधनातले, त्यांच्या सहीला वजन आहे. आणि तुम्ही. तुम्हा दोघांचं. मी माझ्या जन्मात कुणापुढे पदर पसरला नाही, प्रेमाबाई, तुमच्यापुढे पसरते.

— हो, मला माहीत आहे तुम्ही दोन वर्षांमागच्या पाडव्याला राहायला आलात आणि तो आधीच्या थंडीत गेला होता. माहीत आहे. पण चार-सहा महिने इकडचे तिकडे, कोण बघायला येणार आहे कॉव्हेंट्रीहून? तुम्ही पाहिलं असतं की नाही? शेजारी असता तर पाहिलंच असतं. मग? पाहण्यासारखं — म्हणजे — होतं की. एका ताटात जेवले लग्नाच्या दिवशी, उखाणा घेतला तिनं. मग त्याची जायची गडबड, कपडे शिवणं, कागदपत्रं, तो बाहेरच्या खोलीत झोपायचा, त्याचं सामान पसरलेलं ना तिथं. ती आत माझ्यापाशी. महिनाच तर होता. तेवढ्यात काय संसार होतो? तो तिकडेच व्हायचा होता. म्हणून तर म्हणते, तिला तिकडे गेलंच पाहिजे.

कप का बाजूला ठेवलात? खोटं वाटतंय तुम्हाला? खोटं नाही हो, नुसतं — अलीकडचं पलीकडे. मला सांगा, मी काय करायला हवं होतं? आई गेली तेव्हा हयवदन धड चालतसुद्धा नव्हता. वडलांनी त्याला माझ्या पदरात घातलं, सासरी नवी नवरी मी, कडेवर भाऊ. सासूनं काय काय ऐकवलं! ते सगळं गिळलं. अहल्या झाली तेव्हा त्यानंच पहिल्यांदा पाळणा हलवला. दोघं माझ्या दोन हातांसारखी. मग तो शिकला, नोकरीला लागला, आणि विलायतेचं निघालं. गेला तो गेला! तिकडे कुणीतरी गोरी गळ्यात बांधून घेईल, आणि मला वर्षातनं एक नाताळचं कार्ड येईल. माहेर म्हणजे माझं तेवढंच, तो एक. म्हणून म्हटलं, अहल्येला देऊन टाकावी. मुलगीही घरात, भाऊही घरात. बांधून ठेवायला — नाही, बांधून नव्हे — जोडून ठेवायला. आई-बहिणीच्या मनाला जे वाटतं ते.

नाही म्हणत होता. हो, म्हणत होता. खोटं कशाला बोलू? इथंच, जिथं तुम्ही बसलाय तिथं बसून म्हणाला, अक्का, हिला मी खांद्यावरनं शाळेत पोचवलंय, हिचं नाक पुसलंय. मी म्हटलं, मग चांगलंच की, अनोळखी माणसापेक्षा बरं! माझ्यापुढं तो बोलत नाही, लहानपणापासून. मी जेवणावरनं उठले की त्याला घास उतरत नसे — दोन दिवस मी जेवले नाही, तिसऱ्या दिवशी हो म्हणाला. अर्जाचे कागद पाठव म्हटलं, पाठवले. सही कर म्हटलं, केली. गुणी आहे. आणि अहल्या? तिला काय विचारायचं? तिनं कधी नाही म्हटलं नाही. विचारलं असतं तर — विचारलं नाही हे खरं. पण नाही म्हटलं नाही हेही खरंच आहे ना?

— काय? काय म्हणालात?

— तुम्हाला सांगितलं? तिनं? कधी — स्वेटर विणायला येते तेव्हा? दुपारी दुपारी तुमच्याकडे येऊन बसते ते लोकर घेऊन... मी म्हणायचे बरं झालं, तिकडच्या थंडीला उपयोगी पडेल. थांबा. थांबा जरा. सावकाश सांगा. म्हणजे दुभाष्याला गप्प बसवून साहेबाशी स्वतःच बोलली? इंग्रजीत? सरळ म्हणाली, हा माझा मामा आहे, मी त्याला नवरा मानलेला नाही, मला पाठवू नका? साहेबाला? परक्या, लालतोंड्या माणसाला? आणि मी बाहेर बाकावर बसून आमच्या रायरांचा, गुरुस्वामींचा, जप करत होते! देवा, माझ्या पोरीला शिक्का मिळू दे म्हणून!

मग तो साहेब खोटं बोलत नव्हता. बिचाऱ्याला मी केवढ्या शिव्या दिल्या.

आणि हयवदन? त्याला कळलं तर काय वाटेल? तो तिकडे वाट — मान का हलवताय? नाही म्हणजे? वाट बघत नाहीये? — ठाऊक आहे? त्याला आधीपासून ठाऊक आहे? कुठं बोलले हे दोघं? ह्या घरात तर मी — लालबागेत! अय्यो, मीच पाठवलं होतं. नवी जोडी आहे, जा, जरा बागेतल्या त्या खडकावर जाऊन बसा, वारा खा, म्हणून मीच ढकललं दोघांना. आली ती हसत आली. इतकं बरं वाटलं मला, प्रेमाबाई, मी देवापुढं साखर ठेवली त्या संध्याकाळी. आणि हे दोघं तिथं बसून ठरवत होते, की अक्कापुढं आपल्याला नाही म्हणता येत नाही, तेव्हा तू कागद पाठव, मी कचेरीत जाऊन नाही म्हणते. म्हणजे अक्का म्हणेल सरकारनं नाही म्हटलं. अक्काला वाईट वाटायला नको. माझी दया! दोघांना माझी दया आली. मी काय राक्षसीण आहे का, तोंडावर सांगितलं असतं तर खाल्लं असतं का मी त्यांना? जेवले नसते फार तर. दोन दिवस जेवले नसते —

हं.

लग्न झाल्यावर दोघांनी मिळून केलेलं हे एवढंच एक काम बघा. आणि किती नीट केलं.

नाही, तुमचं काही चुकलं नाही. तिनंच तुम्हाला सांगायला सांगितलं, होय ना? मला सांगायला तिला तुम्ही लागलात. गेली दोन वर्षं शेजारी राहिलेल्या तुम्ही, आणि मी तिची आई. असू दे. मधुकररावांना काही लिहायला नको म्हणावं. वकिलाला मी सांगेन. ह्यांना — ह्यांना काय सांगू, ते बघते मी. लग्न लागलंय हो, अग्नीसमोर लागलंय, ते काय पाटीवरचं गणित आहे पुसून टाकायला? आता त्या दोघांचं व्हायचं कसं? तिनं काय जन्मभर मंगळसूत्र घालून तुमच्याकडे लोकर विणत बसायचं? ह्याचं उत्तर नाही काढलं त्यांनी खडकावर बसून? नाही ना? ते माझ्यावरच ठेवलंय. ते मलाच निस्तरायचंय. निस्तरेन. मी घातलेली गाठ आहे, मीच —

माझ्या डोळ्यांत काही गेलं नाहीये. रडतेय मी. बघू नका.

तुम्ही या आता, प्रेमाबाई. खरंच या. कॉफी तशीच राहिली तुमची, राहू दे. आणि जाताना दार नुसतं लोटून घ्या, कडी घालू नका — अहल्या यायचीय अजून.