सगळ्याशी जुळणारी वाइन

…आणि वर मला म्हणतो कसा, “दाजी, ही वाइन सगळ्याशी जुळते!” सगळ्याशी? अरे बाबा, सगळ्याशी जुळतं त्याला पाणी म्हणतात! ते नळाला येतं! त्यासाठी सासऱ्यांची नाशपातीची बाग उपटायची गरज नव्हती!

हा ग्वीडो, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. आमच्या हास्पेनगाऊमध्ये, बेल्जियमच्या या फळबागांच्या पट्ट्यात, माणसं काय करायची? नाशपाती पिकवायची, बिअर प्यायची, प्रत्येक बिअरला तिचाच ग्लास द्यायची आणि सुखानं मरायची. पण नाही! ग्वीडोसाहेबांनी तीन जातींची द्राक्षं लावली. एक मिजासखोर, एक पिकायचं नावच घेत नाही, आणि तिसरं फक्त पावसात कुजत नाही एवढाच त्याचा गुण. तिन्हींचं मिश्रण करून बाटलीवर छापलं काय, तर शतावरीचे कोंब, कोळंबीचे तळलेले क्रोकेट, हिरव्या रश्श्यातली वाम, काळे शिंपले, चीज आणि… “मित्रांच्या गप्पा”! गप्पा हा खायचा पदार्थ आहे का हो? आणि मी विचारतो, शतावरी संपते जूनमध्ये, शिंपले यायला लागतात जुलैत, मग ही बाटली दोघांची भेट घालून देणार कुठे?

तुम्ही म्हणाल, तुला काय त्याचं? तुम्हाला सांगतो, उभ्या आयुष्यात मी कुणाची जाहिरात केली नाही! बातम्या छापून मंत्र्यांना घरी बसवलंय मी. बिल्डरनं पाठवलेली चॉकलेटं रस्त्यावर ओतलीत, बायको पंधरा दिवस बोलत नव्हती. आणि निवृत्तीला महिना राहिलेला असताना आमची संपादिका सास्किया, वय माझ्या निम्मं, मला म्हणते, “लिव्हेन, खाण्यापिण्याचं पान लिहिणाऱ्या बाई आजारी आहेत. तुझ्या मेहुण्याच्या वाइनवर तूच लिही ना!” म्हटलं, “बाई, मेहुणा आहे तो!” तर म्हणते, “म्हणूनच! तू खरं लिहिशील अशी सगळ्यांना खात्री आहे.” झालं! म्हणजे शेवटचा लेख, आयुष्यभराची अब्रू पणाला, आणि विषय काय? मेहुण्याचा आंबट रस!

गेलो रविवारी दुपारी. ग्वीडोच्या शेडमध्ये सगळं खानदान जमलेलं. कोपऱ्यात शेगडीवर भलं मोठं पातेलं, त्यात लोण्यावर कांदा आणि सेलरी परततेय माझी बायको होडेलीव्ह. शेजारी धुऊन ठेवलेले शिंपले. माणशी किलोभर, आमच्यात कमी चालत नाही. आणि हा माझ्या पाठीमागे बाटली घेऊन! “दाजी, क्रोकेटबरोबर घोट घ्या.” घेतला. ओला खडू चाटल्यासारखं! “आता चीजबरोबर घ्या.” घेतला. चीज बिचारं तोंडातल्या तोंडात रुसलं! “दाजी, दगड जाणवतोय ना? आपल्या मातीतला दगड!” म्हटलं, “जाणवतोय, पोटात पडलाय!” “नाक आत घालून वास घ्या ना, दाजी!” अहो, माझ्या नाकाएवढा नव्हता तो ग्लास!

शेवटी माझं डोकं सटकलं. घेतली बाटली त्याच्या हातातून, म्हटलं, “ग्वीडो, हिची जागा कुठंय दाखवू?” आणि केली पालथी पातेल्यात! अख्खी! होडेलीव्ह किंचाळली, “अहो! मी बिअर घालणार होते!” ग्वीडोचा चेहरा पांढराफटक… म्हणजे वाइनपेक्षाही पांढरा. मी शिंपले ओतले, झाकण दाबलं आणि म्हटलं, “हा माझा लेख! लिहून झाला!”

आणि मग… मग वास आला हो.

काय सांगू तुम्हाला! झाकण उघडलं आणि सगळं खानदान पातेल्याभोवती. पहिला शिंपला काट्यानं खाल्ला, मग त्याच्याच रिकाम्या शिंपेचा चिमटा करून पुढचे, पुढचे, पुढचे… तळलेले बटाटे तसेच, मेयोनीजला कुणी विचारीना. आणि मी? मी शिंपेनं रस्सा पीत होतो! तेवढ्यात ग्वीडो वाकून कानाशी हळूच म्हणतो, “दाजी, कसं लागतंय?” तोंड भरलेलं होतं, म्हणून वाचलो. पण लेखात कसा वाचणार? खोटं लिहायची सवयच नाही ना मेली!

लिहिलं. सणसणीत लिहिलं! ही वाइन शतावरीचा अपमान करते, वामीला दुसऱ्यांदा मारते, चीजशी भांडते, आणि गप्पांबरोबर घेतली तर मित्र उरत नाहीत. भरभरून लिहिलं! आणि तळाशी, खरेपणाच्या खाजेपायी, फक्त एक ओळ: “मात्र हिच्यात शिजवले तसे शिंपले मी जन्मात खाल्ले नव्हते.”

एक ओळ! ग्वीडो कात्री घेऊन बसलाच होता! दोन आठवड्यांत नव्या बाटल्या बाजारात. शतावरी गेली, वाम गेली, गप्पासुद्धा गेल्या! मागच्या बाजूला फक्त एका पातेल्याचं चित्र, माझी ती ओळ, आणि खाली ठळक अक्षरांत: लिव्हेन क्लास, ज्येष्ठ पत्रकार. वकिलाकडे गेलो, तर तो म्हणतो, “वाक्य तुमचंच आहे ना? मागे घेता का? खोटं होतं म्हणून सांगा.” सांगा म्हणे! तोंडाला पाणी सुटलं होतं माझ्या, त्याच्यासमोर बसल्या बसल्या!

निरोप समारंभात सास्कियानं रेशमी फीत बांधलेलं खोकं दिलं. सहा बाटल्या. सहा वेळा माझं नाव. टाळ्या काय, फोटो काय! ज्या मंत्र्याला मी घरी बसवला होता ना, त्यानं तार नाही, पत्र नाही, फक्त निरोप धाडला, “दुकानात बाटलीवर भेटलात, बरं वाटलं.”

उभ्या आयुष्यात मी कुणाची जाहिरात केली नाही हो… आता काय बोलायचं? चलतो. होडेलीव्हनं चार किलो शिंपले आणायला सांगितलेत, आणि वाइन घरात पडलीच आहे.