टायगरच्या गोचिड्या

कुपवाडला जनावरांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर नवरा-बायको कुत्रं घेऊन बसले होते.

“कडुलिंबाचा पाला उकळून आंघोळ घातली, करंजाचं तेल चोळलं. तरी टायगरच्या गोचिड्या हटत न्हाईत.”

“मी रोज वेचतो की, चंदनबाला.”

“वेचून काय करता?”

“आपण जैन माणसं, चिरडायच्या कशा? डबीत घेतो आन् सोडून येतो.”

“मारा म्हणत न्हाई मी. सोडता कुठं?”

“दारातल्या कडुलिंबाखाली. गार सावली हाय तिथं.”

“ज्याचा पाला मी उकळते, त्या?”

“व्हय.”

“आन् टायगर दुपारचा कुठं झोपतो?”

“तिथंच की.”

“आवं, मग डॉक्टरला खरं सांगा. आपण गोचिड्या पाळल्यात, आन् त्यांच्या जेवणाला कुत्रं ठेवलंय.”