नकाशातला पूल

सन्माननीय अध्यक्ष महोदया, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या प्रमुख अधिकारी; व्यासपीठावरची माजी अधिकारी आणि मान्यवर पाहुणे मंडळी; मोजणी कार्यालयातले सगळे, साहेबांपासून मोजणीची साखळी ओढणाऱ्यांपर्यंत; आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती, जे आत्ताही खुर्चीच्या अगदी कडेवर बसले आहेत, कोणी येऊन उठवेल की काय अशा बेताने; पहिल्या रांगेत बसलेली त्यांची पत्नी, म्हणजे माझी सख्खी धाकटी बहीण; आणि शेवटच्या तीन रांगांत हाताची घडी घालून बसलेले माझे गावकरी. सगळ्यांना माझा नमस्कार.

मला दहा मिनिटं दिली आहेत. मी पस्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. चित्रकलेच्या मास्तरला भाषणाला कोणी बोलावत नाही, फार तर फलक रंगवायला बोलावतात. हा मागचा फलकही मीच रंगवलाय. तेव्हा दहाची बारा मिनिटं झाली तर सांभाळून घ्या.

आधीच्या वक्त्यांनी आमच्या मेहुण्यांच्या कामाचं कौतुक केलं. ते सगळं खरं आहे. पण एक गोष्ट कोणी बोललं नाही, आणि ती या सभागृहात निम्म्या लोकांना माहीत आहे. माझ्या बहिणीने एकतीस वर्षं माहेरचा उंबरठा ओलांडलेला नाही. आमचं गाव इथून तासाभराच्या रस्त्यावर आहे. का ओलांडला नाही, ते सांगायला मी उभा आहे. गावकऱ्यांना मी तसं सांगून आणलेलं नाही. समारंभ आहे, जेवण आहे, एवढंच सांगितलं. टेम्पो लगेच भरला.

आता थोडं मागे जाऊ. आज हे सभागृह, बाहेरची कचेरी, कोर्ट, दवाखाना बघून तरुण मंडळींना वाटत असेल की जिल्हा पहिल्यापासून इथेच होता. इथे तिठा होता. तीन रस्ते एकत्र यायचे, सतरा घरं होती, एक चहाचं दुकान आणि पंक्चर काढणारा एक बहिरा माणूस. जिल्ह्याचं ठिकाण होतं दीड दिवसाच्या वाटेवर. प्रत्येक घरात खुंटीला एक गाठोडं तयार टांगलेलं असायचं. एक पांघरूण, पाण्याचं भांडं, कागदांची पिशवी. त्याला आम्ही जिल्ह्याचं गाठोडं म्हणायचो. वारसाचं नाव लावायचं, उचला गाठोडं. बांधाचा तंटा, उचला गाठोडं. तिथे पोचलं की शिपाई सांगायचा, साहेब दौऱ्यावर आहेत, परवा या. मग माणसं कचेरीच्या ओसरीवर गाठोडं उशाला घेऊन पडायची. माझी एक आत्या म्हणायची, माझं अर्धं वैधव्य त्या ओसरीवर गेलं.

तर नवा जिल्हा करायचं ठरलं. पण जिल्हा बसणार कुठे, ते ठरेना. आमचं गाव सगळ्यांत मोठं. बाजारपेठ, दोन शाळा, वाचनालय आणि बरोबर वेळ दाखवणारं चौकातलं घड्याळ. मुख्यालय मिळवण्यासाठी गावाने समिती काढली, तिचे प्रमुख आमचे वडील. सरकारने तीन मोठ्या माणसांची समिती नेमली आणि त्यांच्या हाताखाली अंतरं काढायला एक तरुण मोजणीदार दिला. कोण? तर आमचे जावई. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. मग काय विचारता. घरचाच माणूस मोजणार म्हटल्यावर गाव मनातल्या मनात मांडे खाऊ लागलं. कचेरी कुठे, साहेबाचा बंगला कुठे, सगळं ठरून गेलं. आमच्या शेजाऱ्यांनी तर कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान काढायचं म्हणून ओटा बांधून घेतला. तो ओटा अजून आहे. त्यावर म्हातारी माणसं उन्हाला बसतात.

समितीने मेहुण्यांना सांगितलं, नकाशावरून अंतरं काढा. यांनी काय केलं असेल? हे उठले आणि जुन्या जिल्ह्याच्या कचेरीच्या दारात जाऊन महिनाभर उभे राहिले. आत येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न. घरून कधी निघालात? उत्तर वहीत लिहायचं, गावाचं नाव लिहायचं, पुढचा माणूस. लोक वैतागायचे. एक म्हातारा म्हणाला, "तुला रे काय करायचंय? मुलीला स्थळ बघतोयस का?" तेही यांनी गावाच्या नावासमोर लिहिलं. नदीपलीकडच्या गावांची माणसं मात्र एकच उत्तर द्यायची. "काल." एक बाई म्हणाली, "काल निघाले, परत घरी परवा पोचेन. पाणी उतरलं तर." ही नदी आमच्या गावाला लागून वाहते. नव्या जिल्ह्यातली दोन तृतीयांश गावं तिच्या पलीकडे. वर्षातले चार महिने नदी ओलांडायचा उतार पाण्याखाली, आणि पूल नव्हता.

अध्यक्ष महोदयांनी घड्याळ बघितलं. मला दिसलं. आता मुद्द्याचंच बोलतो.

आमच्या गावाने सरकारी समितीला अर्जासोबत एक नकाशा दिला होता. तो मी काढला. वाचनालयात चौकट करून लावलेला नकाशा तुम्ही सगळ्या गावकऱ्यांनी पाहिलाय, मुलांना दाखवता, बघा आपल्यावर कसा अन्याय झाला ते. समितीला दिलेली प्रत वेगळी होती. त्या प्रतीत नदीवर पूल होता.

मागून कोणीतरी "मास्तर!" म्हणालं. ऐकू आलं मला. बसा. पूल होता, आणि तो मी काढला होता. वडील म्हणाले, "आज ना उद्या पूल होणारच आहे. तू काढून टाक." मी काढला. पाच कमानी, प्रत्येक कमानीखाली सावली, सावलीखाली पाणी. इतकं सुरेख काम पुन्हा कधी माझ्या हातून झालं नाही, हे सांगताना मला लाज वाटते. हे वडिलांना आणि मला, दोघांनाच माहीत होतं. समितीची मोठी माणसं उन्हाळ्यात आली, नदीवर किंवा वाड्यावस्त्यांवर न जाता चौकात चहा प्याली, नकाशा बघितला आणि वडिलांना म्हणाली, तुमचं गाव पुढे आहे. तुम्हाला ते वाक्य आठवतं. गाव ते अजून उगाळतं. ते वाक्य माझ्या पुलावरून आलं होतं.

मग एके दुपारी मेहुणे घरी आले. पायजमा गुडघ्यापर्यंत ओला. नदीतून आले होते. मला बाजूला घेऊन त्यांनी नकाशा उलगडला आणि विचारलं, "दादा, हा पूल कुठे आहे?"

मी म्हटलं, "होईल."

ते म्हणाले, "मग झाल्यावर मोजू."

एवढंच. आवाज चढवला नाही. सरकारला खोटा नकाशा दिल्याचं उघड झालं असतं तर माझी शाळेतली नोकरी गेली असती, आणि वडिलांना गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. हे त्यांनी माझ्या तोंडावर वाचलं असणार. त्यांनी नकाशाची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "हा माझ्याकडून हरवला." मी तो चुलीत घातला.

समितीने त्यांना विचारलं, गावाच्या नकाशात पूल पाहिल्यासारखा वाटतो, तो नकाशा कुठे आहे? हे म्हणाले, "पूल जागेवर नाही, साहेब. नकाशा माझ्याकडून गहाळ झाला." त्यांची वही समितीने शेवटपर्यंत वाचली, त्या म्हाताऱ्याच्या शेऱ्यासकट. कुठूनही सकाळी निघालेला माणूस काम करून उजेडात आपल्या घरी पोचेल, अशी जागा सबंध जिल्ह्यात एकच निघाली. हा तिठा, कारण दोन्ही काठांचे रस्ते नदीच्या उगमाला वळसा घालून इथे एकत्र येतात. आणि यांच्या सेवापुस्तकात शेरा पडला, सरकारी कागद हलगर्जीपणाने गहाळ केला. त्या एका शेऱ्यापायी नऊ वर्षं बढती नाही. हाताखालची पोरं साहेब झाली, हे साखळी घेऊन ऊन तुडवत राहिले. कोणाला वाईट शब्द बोलले? मी तरी ऐकला नाही.

जिल्हा सुरू झाला तो दिवस मी चोरून बघायला आलो होतो. कचेरी धान्याच्या गोदामात. टेबल एकच, ते साहेबांना. बाकीच्यांनी दाराची जुनी फळी दोन पिंपांवर टाकली होती. कागदांच्या पेट्या उतरवताना धान्याचा भुसा उडत होता आणि टंकलेखक शिंकत शिंकत पहिला आदेश टंकत होता. पहिला कागद घ्यायला नदीपलीकडच्या शेवटच्या गावातून एक बाई आली, नवऱ्यामागे जमिनीला नाव लावायला. मेहुण्यांनी सवयीने विचारलं, "घरून कधी निघालात?" ती म्हणाली, "आज सकाळी. जनावरांना पाणी पाजून." कागद घेतला आणि ती गडबडीने निघाली, का, तर संध्याकाळचं पाणीही तिलाच पाजायचं होतं. हे तिकडे भिंतीकडे वळले आणि बराच वेळ वहीत काहीतरी लिहीत राहिले. मी लांबून बघत होतो. माणूस रडत होता.

जिल्हे सरकार करतं, आदेशावर सही झाली की जिल्हा झाला, असं पुस्तकात असतं. मला विचाराल तर हा जिल्हा त्या बाईच्या उत्तरातून झाला, आणि ते उत्तर शक्य करणारा माणूस इथे खुर्चीच्या कडेवर बसलाय.

आणि आम्ही त्याला काय दिलं? गावसभा भरली. तिठ्यावर प्लॉट घेऊन जावई विकला गेला, असं एकाने म्हटलं आणि सगळ्यांनी मान डोलावली. हा माणूस आजही दोन खोल्यांच्या सरकारी घरात राहतो, आणि पुढच्या महिन्यात तेही सोडायचंय. वडिलांनी सभेत सांगितलं, जावयाला माझं दार बंद. बहिणीने निरोप पाठवला, "त्यांना बंद तर मलाही बंद." मी सभेत पुढच्या बाकावर होतो. माझ्या एका वाक्याने सगळं थांबलं असतं. मी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत बसलो.

वडील गेले तेव्हा ती आली. अंगणातच उभी राहिली, घरात पाऊल टाकलं नाही, घोटभर पाणीही घेतलं नाही. निघताना मला म्हणाली, "दादा, तुला काही सांगायचंय?" मी म्हटलं, नाही. तेव्हा मला कळलं की तिला सगळं माहीत आहे, पहिल्या दिवसापासून. माहीत असून तिने माझी नोकरी राखली आणि माहेर सोडलं. भावाने बहिणीला सांभाळायचं, असं आपण म्हणतो. आमच्याकडे उलटं झालं.

अध्यक्ष महोदया, आज सकाळी मी आपल्या कचेरीत लेखी जबाब देऊन आलो आहे. सेवापुस्तकातला तो हलगर्जीपणा मेहुण्यांचा नाही, माझा आहे. निरोपाच्या दिवशी का होईना, तो शेरा खोडावा अशी विनंती आहे. माझ्या पेन्शनचं काय करायचं ते करा, फक्त उद्यापासून करा, आज घरी पाहुणे यायचे आहेत. निदान तशी आशा आहे. सुनेने सकाळीच माडीवरची खोली झाडून गाद्या उन्हात टाकल्या आहेत. दोघांच्या.

गावकऱ्यांनो, तुम्हाला राग आला असेल तर तो आता योग्य माणसावर काढा. परतीच्या टेम्पोत मी तुमच्यातच बसणार आहे. पण या दोघांना आधी बसायला जागा द्या.

भावोजी, तुम्ही मान खाली घालून हात हलवताय, नको नको म्हणताय. एकतीस वर्षं तुमचं ऐकलं. आता नाही ऐकणार.

आयोजकांचे आभार, मला बोलू दिलंत. अध्यक्ष महोदयांचे आभार, त्यांनी दुसऱ्यांदा घड्याळ बघितलं नाही. शांतपणे ऐकल्याबद्दल सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं. जे इतकी वर्षं बोललो नाही, त्याची क्षमा मात्र मी सभागृहाकडे मागत नाही. ती मागायला मी आता या पायऱ्या उतरून पहिल्या रांगेत जातो आहे. बहीण काय म्हणेल, मला माहीत नाही. मला जरा वाट द्या.